झिजेचा उजेड

ॲल्युमिनियम उजळायचं तर आधी ते काळं करावं लागतं. कॉस्टिक सोड्याच्या टाकीत जुनं चाक सोडलं की सुरुवातीला काहीच घडत नाही. मग कडेला बारीक बुडबुडे धरतात आणि थोड्याच वेळात सगळी टाकी फसफसू लागते. हा सुटणारा हायड्रोजन. वर्षानुवर्षं धातूला सांभाळणारं कवच विरघळून गेल्याची ती खूण. बाहेर येतं ते चाक काजळी फासल्यासारखं असतं, कारण मिश्रधातूतलं तांबं, लोह सोड्याला दाद देत नाही. ते मागे उरतं आणि काळा थर होऊन बसतं. पुढच्या टाकीतलं नायट्रिक आम्ल हा थर उतरवतं. पण या दोन टाक्यांच्या मधल्या वेळात गाडीमालकाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

हा मालक म्हणजे माझा मित्र. आम्ही दोघेही श्टुटगार्टचे रहिवासी. पोर्शेचा कारखाना याच शहराच्या त्सुफेनहाउझेन भागात आहे, त्यामुळे इथे जुनी ९११ बाळगणं हे थोडं व्यसन आणि थोडा कुळाचार. त्याची गाडी १९७३ सालची. चाकं फुक्सची, पाच पाकळ्यांची. कडा फुटपाथला घासलेल्या, पाकळ्यांवर पांढुरके डाग, मधेच कुणा आधीच्या मालकाने फासलेला चंदेरी रंग. “आरशासारखी करून हवीत,” एवढंच त्याचं म्हणणं होतं.

या चाकाचं कुळ सांगायला हवं. ॲल्युमिनियमचं चाक काही पोर्शेने आणलं नाही. १९२४ साली लिओंच्या शर्यतीत एत्तोरे बुगाटीने टाइप ३५ उतरवली, तिची चाकं ॲल्युमिनियमची होती. आठ चपटे आरे आणि ब्रेकचा ड्रम चाकातच. पण ती ओतीव. पोर्शेला हवं होतं घडीव चाक: तापलेला धातू प्रचंड दाबाखाली दाबून आकाराला आणलेला. ओतीव धातूत हवेची छिद्रं राहू शकतात. घडीव धातू दाबाने घट्ट होतो, म्हणून कमी जाडीत तेवढीच ताकद मिळते. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खालचं. ते जितकं कमी, तितकं टायर खड्ड्यातून लवकर सावरून पुन्हा रस्ता धरतं. माइनर्त्सहागेन गावच्या ओटो फुक्स कंपनीने हे काम अंगावर घेतलं. पोर्शेच्या मॉडेल विभागातल्या हाइनरिश क्ली यांनी आकार प्लास्टिसिनमध्ये घडवला, फेर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी त्यावर थोडा हात फिरवला, आणि १९६६ साली ९११ एससोबत ते चाक रस्त्यावर आलं. माझ्या मते त्यानंतर इतकं देखणं चाक झालं नाही. वाद घालणाऱ्याने खुशाल घालावा.

आता ते कवच. ॲल्युमिनियम उघड्यावर आलं की हवेतल्या ऑक्सिजनशी लगेच संसार थाटतं. तयार होणारा थर मिलिमीटरचे काही दशलक्षांश भाग एवढाच. पण चाक सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत टांगून त्यातून वीज सोडली, की तोच थर हजारो पटींनी जाड वाढवता येतो. याला ॲनोडायझिंग म्हणतात. हा थर रंगासारखा वरून लावलेला नसतो, धातूतूनच उगवलेला असतो. माणिक आणि नीलम हेही मुळात ॲल्युमिनियमचं ऑक्साइडच. स्फटिकांची रचना वेगळी आणि किंचित भेसळीने आलेला रंग वेगळा, एवढंच. म्हणजे जुन्या फुक्सच्या पाकळीवर रत्नांच्या गोतातलंच काहीतरी बसलेलं असतं, आणि पॉलिशवाल्याला पहिल्यांदा तेच उतरवावं लागतं.

घासण्याआधी मात्र एक परीक्षा असते. चाकावर लाल रंगाचा पातळ द्रव सोडतात, तो भेगांत झिरपू देतात, मग चाक स्वच्छ पुसून त्यावर पांढरी पूड फवारतात. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू उमटत येते. मित्राच्या एका चाकावर बोल्टच्या भोकापाशी ती उमटली. केसाएवढी. कारागिराने ते चाक उचलून बाजूला ठेवलं. “याला मी हात लावणार नाही,” तो म्हणाला. मित्राने वेल्डिंगचं विचारलं, जादा पैशांचं विचारलं. वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासच्या घडीव धातूचं बळच जातं, असं त्याने शांतपणे सांगितलं आणि पैशांचं त्याला ऐकूच आलं नसावं. पॉलिश झालं असतं तर चारांत तेच सर्वांत सुंदर दिसलं असतं. मित्र दुसरं चाक शोधू लागला, आणि मला त्या माणसाबद्दल जो विश्वास वाटला तो आजवर कुठल्याही जाहिरातीने वाटलेला नाही.

उरलेल्या चाकांचं घासणं सुरू झालं. सँडब्लास्टिंग त्याने केलं नाही. वाळूच्या माऱ्याने चकाकी हवी तिथेच बारीक खळगे पडतात. आधी १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग ३२०, ४००, ६००, ८००. प्रत्येक पेपर आधीच्या ओरखड्यांना आडवा चालवायचा. जुने ओरखडे दिसेनासे झाल्याशिवाय पुढच्या नंबराला जायचं नाही. मग घायपाताच्या धाग्यांचं बफ, शेवटी सुती कापडाचं, आणि त्यावर चोळलेली मेणाची वडी. तिच्यात घासायला असतं ॲल्युमिनियम ऑक्साइड. जे कवच उतरवलं, त्याच्याच जातीच्या भुकटीने धातू उजळायचा!

या कामात भर काहीच घालत नाहीत. डागाच्या जागी खळगा असेल तर तो भरत नाहीत. त्याच्या तळापर्यंत सगळा पृष्ठभाग खाली आणतात. म्हणजे एका खळग्यासाठी भोवतालचा निरोगी धातूही द्यावा लागतो. पंढरपूरला विठोबाच्या मूर्तीची झीज भक्तांच्या स्पर्शाने आणि अभिषेकांनी झाली, शेवटी वज्रलेप करावा लागला. तसंच हे, प्रेमाने हात फिरवायचा आणि वस्तू कमी करायची.

आणि तो गेलेला धातू कुठे जातो? हवेत. ॲल्युमिनियमची बारीक धूळ स्फोटक असते. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनमधल्या कुन्शान शहरात गाड्यांची चाकं पॉलिश करणाऱ्या कारखान्यात ती भडकली आणि शंभराहून अधिक कामगार गेले. आमच्या कारागिराच्या खोलीत धूळ ओढून पाण्यात बुडवणारं यंत्र सतत घरघरत होतं. त्या आवाजाने आधी माझं डोकं उठलं होतं. कुन्शानचं आठवल्यावर तक्रार संपली.

आरशाचा प्रश्न त्याने चाकं टाकीत सोडण्याआधीच, वादाशिवाय सोडवला होता. चाकाच्या मधली टोपी काढून आतली कड दाखवली. तिथे ऊन, मीठ, फुटपाथ काहीच पोचलं नव्हतं आणि कारखान्यातलं मूळ रूप शाबूत होतं. मऊ, चंदेरी, किंचित धूसर. आरसा तिथे कधीच नव्हता. मित्र बराच वेळ त्या कडेकडे पाहत राहिला आणि मग “असंच करा” म्हणाला. त्यानुसार घासून झाल्यावर चाकं पुन्हा ॲनोडाइझ झाली, पाकळ्यांच्या खोलगट भागात काळा रंग भरला गेला. मागची बाजू मात्र त्याने घासलीच नाही, कारण घडवतानाच उमटवलेले शिक्के आणि तारीख तिथे असते. ती पुसली की चाकाचा जन्मदाखला गेला.

माझा निकाल असा: फुक्सच्या चाकाला आरसा करणं ही हौस आहे, जतन नव्हे. उघडा आरसा मिठाच्या रस्त्यावर लवकर काळवंडतो. त्यावर लॅकर मारलं तर एका ओरखड्यातून आत शिरलेला ओलावा लॅकरखाली पांढरे धागे विणत जातो. मुंबईची खारी हवाही हेच करते. तेव्हा जुनी चाकं उजळायला काढाल तर कारागिराला आधी भेगांची परीक्षा करायला सांगा, मागच्या शिक्क्यांना हात लावू देऊ नका, आणि नंतर ती साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. आम्लाचे किंवा सोड्याचे क्लीनर त्यांच्याजवळही नेऊ नका.