बाबांचा अर्ज आणि माझं ‘ऑलदो’

1956 च्या नोव्हेंबरात नवं मध्य प्रदेश राज्य झालं, नागपूरची राजधानी गेली आणि सरकारी खात्यांबरोबर आपली कितीतरी मराठी कुटुंबं भोपाळला आली. माझे बाबा त्यातलेच. टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही भावंडं घरात मराठी अन् बाहेर हिंदी बोलत वाढलो. इंग्रजी मात्र बाबांची, नागपूरला तर्खडकरांची पाठमाला घोकून कमावलेली. आमच्या लाइनीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज तेच लिहून देत.

1979 साली त्यांची बदली जगदलपूरला झाली. तेव्हा बस्तर आपल्याच राज्यात होतं, पण रायपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे जवळपास 300 किलोमीटर बस. आईला टीबी झालेला, हमीदियाचं औषध चालू, इंजेक्शनं चालू. बदली वर्षभर पुढे ढकला एवढंच मागायचं होतं. वरचे साहेब इंग्रजी कागदच वाचणारे, म्हणून अर्ज इंग्रजीत.

बाबांनी लिहिलं होतं, “ऑलदो आय ॲम प्रिपेअर्ड टू जॉइन ॲट जगदलपूर, बट माय वाइफ इज अंडर ट्रीटमेंट.”

मी अकरावीत. आठवड्यापूर्वीच शाळेत शिकवलं होतं की ‘ऑलदो’ आलं की ‘बट’ येत नाही. आपल्याकडे ‘जरी’ला ‘तरी’ लागतं, हिंदीत ‘हालाँकि’ला ‘लेकिन’ लागतं, म्हणून आपण सगळेच इंग्रजीतही जोडी लावतो. मी लाल पेन्सिल घेऊन बसले.

“काय करून राहिली तू?” बाबा म्हणाले.

“बाबा, चूक आहे. दोन्ही येत नाहीत.”

नुसतं ‘बट’ खोडलं असतं तर भागलं असतं. पण मला वाटलं, आईचं आजारपण महत्त्वाचं, ते आधी यायला हवं. म्हणून वाक्यच फिरवलं: “ऑलदो माय वाइफ इज अंडर ट्रीटमेंट, आय ॲम प्रिपेअर्ड टू जॉइन ॲट जगदलपूर.” व्याकरणाची एक चूक नाही. बाबांनी दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं. पोरगी इंग्रजी शाळेतली, बरोबरच असेल म्हणाले आणि न्यू मार्केटला जाऊन टाइप करून आणलं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. अर्जदाराने स्वतःच रुजू होण्याची तयारी दर्शवली असल्याने आदेश कायम.

पुढे मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ‘डिस्पाइट’पुढे ‘ऑफ’ लावू नका, ‘हाउएव्हर’ने नवं वाक्य सुरू करायचं तर आधी स्वल्पविराम नाही, पूर्णविराम द्या, हे हजारदा सांगितलं. या चुकांना मार्क जातात, बाकी काही जात नाही. पण ‘ऑलदो’ ज्या बाजूला लावाल ती बाजू हलकी होते, साहेब दुसरी बाजू उचलतो, हे मात्र मी प्रत्येक वर्गात जरा जास्तच वेळ शिकवायचे. ‘बट’ त्या मानाने भोळं, दोन्ही बाजू उभ्या ठेवतं. बाबांचं चुकीचं वाक्य चाललं असतं हो! त्यात शेवटचा शब्द आईच्या आजारपणाचा होता. आणि हेच मी मराठीत म्हणून पाहिलं असतं, “बायको आजारी असली तरी मी यायला तयार आहे,” तर माझ्याच कानाला खटकलं असतं. इंग्रजीत मी फक्त नियम पाहत होते.

बाबा दीड वर्ष जगदलपूरला होते. आईला इंजेक्शनला मी न्यायची, परत येऊन कुकर लावायची. आई बरी झाली, पण ते दीड वर्ष ती त्या साहेबाला शिव्या देत राहिली. कसला दगडाचा माणूस, अर्जात सगळं लिहूनसुद्धा!

बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत तो कच्चा अर्ज सापडला, माझ्या लाल पेन्सिलीच्या रेघेसकट. वाक्य कोणी फिरवलं ते त्यांनी आईला कधी सांगितलं नाही. मीही नाही.