काठ

गेल्या वर्षी न्यू जर्सीला भाचीच्या घरी आमचा महिनाभर मुक्काम होता. जाताना सामानात आम्ही आईची दोन सुती लुगडी नेली होती. आईला जाऊन सहा वर्षे झाली. तिच्या वस्त्रांपैकी आमच्यापाशी एवढीच उरली होती आणि तीही विरत चालली होती. भाची क्विल्ट शिवते. तिने या लुगड्यांची गोधडी करून द्यावी, अशी आमची इच्छा होती.

गोधडी काय नि क्विल्ट काय, रचना तीच. खाली अस्तर, मध्ये भर, वर तुकड्यांचा पट. आमची आई सारवलेल्या जमिनीवर हे थर पसरी, त्यांवरच बसे आणि धावदोऱ्याची एकेक ओळ झाली की तळहाताने कापड सारखे करी. भाचीच्या तळघरात मात्र लॉंगआर्म नावाचे यंत्र आहे. दहा फूट लांबीची लोखंडी चौकट, तिला आडवे रूळ. कापड रुळांवर ताणलेले राहते आणि शिलाईचे यंत्रच रुळांमधल्या जागेवर मागेपुढे, डावीउजवीकडे हिंडते. एका वेळी एकच पट्टा डोळ्यांसमोर असतो, बाकीचे सारे गुंडाळलेले. त्यामुळे शिवण्यापेक्षा कापड चढवण्यालाच कौशल्य लागते, हे भाचीने पहिल्याच दिवशी सांगितले.

चढवण्याची रीत अशी. अस्तर पटापेक्षा चारही बाजूंनी सुमारे 4 इंच मोठे घ्यायचे. प्रत्येक रुळाला कॅनव्हासची पट्टी असते, तिच्या मध्यावर खूण असते. अस्तराची घडी घालून त्याचा मध्य काढायचा, तो त्या खुणेवर टाचायचा आणि तिथून दोन्ही कडांकडे टाचण्या लावत जायचे. एका टोकापासून आरंभ केल्यास सगळा ढिलेपणा दुसऱ्या टोकाला साचतो. मग अस्तर गुंडाळून त्यावर भर आणि पट घालायचा, वरच्या कडेने एक सरळ शिवण मारायची आणि दोन्ही बाजूंना चिमटे लावायचे. ताण बेताचा हवा. खालून बोट लावले तर कापडाने थोडे दबले पाहिजे. ढोलकीसारखे ताणले तर सुई वाकते, टाके सुटतात आणि चौकटीवरून उतरवल्यावर अस्तर आखडून चुण्या पडतात.

आमची गोधडी 60 इंच रुंद, 70 इंच लांब व्हायची होती. एका लुगड्यातून वरचे तुकडे कापले. दुसऱ्यातून अस्तरासाठी धड असे जेमतेम दोन भाग निघाले. ते जोडायचे होते. भाची म्हणाली, “फादरमामा, जोड आडवा घेऊ, रुळाला समांतर. आणि जोडावरचे काठ आधी कापून टाकू.” आम्ही नकार दिला. आईच्या लुगड्याचा काठ कापायचा नाही. दोन्ही काठ मधोमध, उशापासून पायथ्यापर्यंत उभे दिसले पाहिजेत, असे आम्ही सांगितले. तिने पुन्हा एकदा सुचवून पाहिले आणि गप्प झाली. धर्मगुरूला ‘नाही’ म्हणायला लोक धजत नाहीत. तीस वर्षांत आम्हाला याची इतकी सवय झाली आहे, की समोरच्याचे मौन आम्ही संमती समजतो.

उभा जोड रुळावर प्रत्येक वेढ्याला स्वतःवरच चढत गेला. काठाची वीण घट्ट आणि जाड; रुळाच्या मध्यावर उंचवटा झाला. मध्य ताणला गेला, कडा झोळीसारख्या लोंबू लागल्या. कडा सैल आहेत एवढेच आम्हाला दिसले, म्हणून आम्ही स्वतः पुढे होऊन चिमटे ओढून लावले. एक तृतीयांश शिवून झाल्यावर डावीकडच्या चिमट्यापाशी टर्र असा आवाज झाला. कापड वीतभर फाटले होते. भाचीने चौकटीखाली वाकून टॉर्च मारला. अस्तराला तीन ठिकाणी चुण्या शिवल्या गेल्या होत्या. वरून पट अगदी निर्दोष दिसत होता.

उसवायला चार संध्याकाळी लागल्या. विरलेले कापड, त्यात बारीक टाका. भाची एकेक टाका कापून दोरा चिमटीने काढी आणि आम्ही शेजारी दिवा धरून बसत असू. आमच्यावर ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. एके ठिकाणी सुईच्या भोकांतूनच कापड सुटू लागले, तेव्हा ती चुणी तशीच ठेवली. फाटलेल्या जागी पदराचे ठिगळ लावले. मग काठ कापले, जोड आडवा घेतला आणि मध्यापासून पुन्हा टाचण्या लावल्या. चिमट्यांना आम्ही हात लावला नाही.

कापलेल्या काठांच्या दोन पट्ट्या भाचीने आमच्या हाती दिल्या, तेव्हा आम्हाला एकाएकी आठवले. गोधडी घालायला बसली, की आई सर्वांत आधी जुन्या लुगड्याचा काठ दाताने तोडून टरकन फाडून काढी. मऊ सुताशेजारी तो नीट बसत नाही, म्हणे. त्या पट्ट्यांनी ती भाजीच्या जुड्या बांधत असे.