निरंक

परीक्षक होण्याची आम्हांला उपजत हौस आहे. अठ्ठावीस वर्षें उत्तरपत्रिका तपासून ज्याचा हात वळला, त्याला दिसेल त्या वस्तूच्या समासांत एखादा आंकडा लिहावासा वाटतो. लग्नाच्या पंगतींतील मठ्ठ्यालाहि आम्ही मनांतल्या मनांत गुण देतों, असा आमच्या कुटुंबाचा आरोप आहे, व तो खोटा नाहीं. लातूरच्या एका संस्थेनें उत्तम कलाशिक्षकाची निवड करण्यासाठीं आम्हांला पाचारण केलें, तेव्हां चित्रकलेंत आपणांस काय कळतें, ही शंका मनाला शिवण्यापूर्वींच आमचा होकार रवाना झाला होता.

आमच्या नांदेड-लातूरकडे चित्रकलेची कदर नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या सरकारी परीक्षांना आमच्याकडील मुलें नियमानें बसतात. दुसऱ्या परीक्षेंतील श्रेणीमुळें दहावीच्या निकालांत वाढीव गुण पडतात, हें आईबापांना पक्कें ठाऊक असतें. गुण पदरांत पडले कीं रंगाची पेटी माळ्यावर जाते आणि मूल डॉक्टर होण्याच्या शिकवणीला लागतें. ज्याला ‘लातूर पॅटर्न’ म्हणतात त्याचे आम्ही कांहीं शत्रु नाहीं. आमचा मुलगा त्याच रुळांवरून गेला. त्याची पेटी अजून माळ्यावर आहे.

असो. नांदेडहून सकाळची एस. टी. धरली, आणि लोहा, अहमदपूर, चाकूर हीं गांवें मागें टाकून लातुरास पोहोंचलों. टेबलावर अर्जांचा ढीग होता व त्यावर एक छापील तक्ता. पारितोषिकें, प्रदर्शनें, शोधनिबंध, ग्रंथ, असे रकाने आंखून प्रत्येकाचे गुण ठरविलेले होते. समितींतील इतर दोघे चित्रकार. “प्रकाशनांचें तेवढें तुम्हींच पाहा, सर,” असें म्हणून त्यांनीं तो भाग आमच्या गळ्यांत घातला. आम्हांलाहि तेंच हवें होतें.

त्या ढिगांत औसा तालुक्यांतील एका निवृत्त शिक्षकाचा अर्ज होता. प्रकाशनांच्या रकान्यांत एकच शब्द लिहिलेला: निरंक. पण तो काय अक्षरांत! अनुस्वाराचा ठिपका बोरूनें ठेवावा तसा तिरपा चौकोनी, आणि वरची रेघ अशी कीं तिच्यावर मुंगीनें न अडखळतां चालत जावें. अर्जाला दोरीनें बांधलेली एक जाड वही जोडली होती. वहीसाठीं तक्त्यांत रकाना नव्हता. आम्हीं दोरी सोडली नाहीं. प्रकाशनांपुढें शून्य मांडलें, आणि पुरस्कार दुसऱ्या एका गृहस्थांना गेला. त्यांच्या शोधनिबंधांची यादी चार पानांची होती. त्यांतील एकहि निबंध आम्हीं वाचला नव्हता. पण यादी वाचली होती.

पुढें महिन्याभरानें नांदेडास एका स्नेह्यांच्या कपाटांत रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचें ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ हें पुस्तक हातीं लागलें. नांव ऐकून होतों, वाचलें नव्हतें. इंग्रजीच्या प्राध्यापकाला मराठी पुस्तकें न वाचण्याची जी सवलत असते तिचा आम्हीं पुरेपूर उपभोग घेतला आहे. कोल्हापूरचे हे गृहस्थ १८९० च्या जानेवारींत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत विद्यार्थी म्हणून शिरले, १८९६ पासून तेथेंच शिकवूं लागले, १९१० सालीं मुख्याध्यापक झाले आणि संस्थेचें संचालकपद कांहीं काळ हंगामी म्हणून सांभाळून १९३१ सालीं निवृत्त झाले. साहेबांच्या त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले हिंदी.

आमची खोड जाते थोडीच! लातूरचा तक्ता आठवून रावबहादुरांना गुण द्यावयास बसलों. पारितोषिकांत अडचण आली नाहीं. बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक त्यांना १८९५ सालींच मिळालें होतें. प्रदर्शनेंहि भरपूर. घोडें अडलें तें आमच्याच रकान्यांत. १९१२ सालचें मुंबईवरील एडवर्ड्स यांचें पुस्तक, १९१४ सालीं निघालेलें किंकेड यांचें आपल्या व्रतांच्या कहाण्यांचें इंग्रजी पुस्तक, १९२० सालचें हिंदी स्त्रियांवरील रॉथफील्ड यांचें पुस्तक, या तिहींत चित्रें धुरंधरांचीं. पण ग्रंथकर्ते दुसरे. आज तीं पुस्तकें कोणी उघडतो तो बहुधा चित्रांसाठींच, परंतु तक्त्याला तें काय होय? त्यांचे स्वतःचे हे अनुभव छापून आले १९४० सालीं, निवृत्तीनंतर नऊ वर्षांनीं. नोकरींत असतांना त्यांनीं लातुरास अर्ज धाडला असता, तर आमच्या हातून त्यांच्यापुढें काय मांडलें गेलें असतें, हें वाचकांना सांगावयास नको. आणि एकेचाळीस वर्षांत जीं मुलें त्यांच्या वर्गांतून गेलीं त्यांच्यासाठीं तर रकानाच नव्हता. त्यांच्याच कन्या अंबिकाबाई १९३१ सालीं त्या शाळेची पदविका घेऊन बाहेर पडल्या आणि पुढें त्यांनीं आपलीं ‘माझी स्मरणचित्रे’ लिहिलीं. तीहि कमाई कोणत्या सदरांत धरावी?

मग आणखी मागें गेलों. धुरंधर ज्या ग्रिफिथ्स साहेबांच्या हाताखालीं शिकले, त्यांनींच १८७२ पासून पुढें तेरा वर्षें मुंबईच्या विद्यार्थ्यांकरवीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करविल्या होत्या. अजिंठा म्हणजे आमच्या मराठवाड्याचें घर. तेव्हां निजामाचा मुलूख. मुंबईचीं मुलें येथें येऊन अंधाऱ्या लेण्यांत भिंतीकडे तोंड करून बसलीं. त्यांचे कॅनव्हास लंडनला गेले व १८८५ सालीं तेथील आगींत पुष्कळसे जळाले. १८९६-९७ मध्यें त्या कामाचे दोन थोर खंड निघाले, त्यांवर नांव ग्रिफिथ्स यांचें. पेस्तनजी बोमनजींसारखा एखादा सोडला, तर त्या मुलांचीं नांवें आज जाणकारांनाच ठाऊक. साहेबांचा रकाना भरला, व तो न्यायानेंच भरला. मुलांचा निरंक राहिला.

पुस्तक मिटलें, पण तो चौकोनी ठिपका डोळ्यांपुढून हालेना. शेवटीं संस्थेला पत्र लिहिलें. निकाल जाहीर झाला आहे, आतां बदल होणें नाहीं, असें सभ्य उत्तर आलें. तें बरोबरच होतें. मग त्या शिक्षकांनाच लिहिलें, व आम्हीं त्यांची वही उघडलीसुद्धां नव्हती हें कबूल केलें. असलें पत्र लिहिण्याची आम्हांला संवय नाहीं. तीन मसुदे फाडले. उलट टपालीं पोस्टकार्ड आलें. त्यांत पुरस्काराविषयीं अक्षर नव्हतें. एवढेंच होतें कीं, ‘रकाना मोकळा ठेवला तर कागद अपुरा दिसतो, म्हणून तो शब्द लिहिला. वही परत मिळाल्यास बरें.’

पुन्हां लातूर गांठलें. वही जुन्या अर्जांच्या गठ्ठ्यांत, रद्दीच्या वाटेवर होती. ती मागून घेतली, आणि औशाच्या गाडींत खिडकीशीं बसून अखेर दोरी सोडली.

प्रत्येक पानावर एका मुलाचें चित्र चिकटविलेलें, खालीं तारीख, आणि त्या सुरेख अक्षरांत एकदोन ओळी. एका पानावर घागर होती: ‘सगळीं मुलें घागरीचें तोंड सरळ रेघेनें काढतात. यानें लंबगोल काढलें. विचारलें तर म्हणाला, पाणी भरतांना असेंच दिसतें.’ दुसऱ्या पानावर एका मुलीचें धूसर निसर्गचित्र: ‘हिला रंग कळत नाहींत असें मी तीन महिने समजत होतों. चष्मा हवा होता. पालकांना भेटलों.’ कांहीं ओळींखालीं मागाहून भर घातलेली: हा आतां पाट्या रंगवितो, ही परिचारिका झाली, हा गवंडी, याच्या कोनाड्याच्या कमानी पाहून याव्या. चित्रकार झालेला असा आम्हांला एकच सांपडला.

पानें उलटतां उलटतां १९९३ चा ऑक्टोबर आला. त्या सप्टेंबरच्या तीस तारखेला पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. हा तालुका तोच. त्या महिन्याच्या पानावर चित्र नव्हतेंच. फक्त ओळ होती: ‘माझें घर हा विषय या वर्षीं देऊं नये.’ त्याखालीं, तारीख पुढच्या जूनची: ‘आज एकीनें आपण होऊन घर काढलें. छप्पर हलकें, पत्र्याचें. दार मोठें. कां, तें विचारलें नाहीं.’

औसा आल्याचें वाहकानें दोनदां सांगितलें तेव्हां आम्ही उठलों. गुरुजींचें घर बाजारामागें होतें. चहा झाला, पावसाच्या गोष्टी झाल्या. आमच्या पत्राचा विषय त्यांनींहि काढला नाहीं व आम्हांलाहि तो काढण्याचा धीर झाला नाहीं. धुरंधरांचें पुस्तक बरोबर नेलें होतें, तें त्यांच्या हातीं दिलें. त्यांनीं तें बाजूस ठेवलें, वही मांडीवर घेतली, चष्मा चढविला, आणि पहिल्यापासून सगळीं पानें मोजून पाहिलीं.