बायझँटियन आणि विजयदुर्ग

वाघोटण नदीच्या मुखाशी उभ्या असलेल्या विजयदुर्गाला थेट रोमन काळाशी नेऊन भिडवण्याचा मोह आम्हां सिंधुदुर्गवासीयांना आवरत नाही. आधार असतो तो 'पेरिप्लस' या इसवीच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक टिपणाचा. रोमन साम्राज्याशी चालणाऱ्या व्यापाराची ही जणू खलाशाची वही. तीत चौलच्या दक्षिणेला मंदगोर, पालैपत्मे, मेलिझिगर, बायझँटियन, तोगरम अशी बंदरांची माळ येते. भडोच, कल्याण, चौल यांची ओळख पटते. पुढे मात्र धुके आहे. त्या धुक्यात पाश्चात्त्य भाष्यकारांना बायझँटियनच्या जागी विजयदुर्ग दिसला, आणि आम्ही कृतज्ञतेने मान डोलावली.

पण विजयदुर्ग हे नावच सतराव्या शतकातले. शिवाजी महाराजांनी किल्ला आदिलशाहीकडून घेतला तेव्हाचे; त्याआधी तो घेरिया, शेजारच्या गिर्ये गावावरून. मग पहिल्या शतकातल्या खलाशाच्या कानावर 'विजय' पडणार कोठून? म्हणून काहींनी मध्ये 'वैजयंती' आणून बसवली. कार्ल्याच्या लेखात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे खरा, परंतु ती वैजयंती म्हणजे घाटापलीकडची बनवासी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

तिकडे इंग्लंडात डी नदीकाठचे चेस्टर पाहावे. इसवीच्या सत्तरच्या दशकात रोमन सैन्याने तिथे तळ ठोकला. तळाचे नाव 'देवा', नदीवरून पडलेले; आणि छावणीला लॅटिनमध्ये 'कास्त्रा' म्हणत, त्याचा अपभ्रंश आज गावाचे नाव होऊन बसला आहे. शिवाय तटबंदी आहे, अर्धे उकरलेले रंगमंडल आहे. तिथे नावाला दगडाची साक्ष मिळते, आमच्याकडे नावावरून दगड शोधायचा असतो. ('देवा' आणि देवगड ही जोडी अजून कोणी जुळवलेली नाही, हे नशीबच!)

याचा अर्थ रोमचा माल इकडे आलाच नाही असा नव्हे. घाट चढून कोल्हापुरास जावे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, कांस्यमूर्ती निघाली. तिथेच सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले. हा दर्यावर्दी देव कोणत्या तरी खाडीत उतरून कोणता तरी घाट चढला असणार. ती खाडी आमची असावी असे आम्हांस मनापासून वाटते. खारेपाटणपर्यंत गलबते जात, आणि तिथे सापडलेल्या शके ९३० च्या, म्हणजे इसवी १००८ च्या शिलाहार ताम्रपटात परदेशांतून येणाऱ्या जहाजांवरच्या करांचा उल्लेख आहे. पण तो पुरावा खारेपाटणचा आणि हजार वर्षांनंतरचा. तो रोमच्या ओळखपत्राविनाही भारदस्त आहे, आणि आमच्या वर्गांत त्याचे नाव क्वचितच निघते.

एक शब्द मात्र त्या काळापासून टिकला. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकटच्या 'यवनां'नी दान दिलेले आहेत. पुढे मराठी बखरकारांनी हाच शब्द मुसलमान सत्ताधीशांना लावला. त्यांच्या लेखी घेरिया घेतला तोही यवनांकडूनच.