बेटावरचं डिझेल

माझे बाबा नौदलात आहेत. सध्या त्यांची बदली लक्षद्वीपला आहे. चहूबाजूंनी समुद्र आणि डोक्यावर भरपूर ऊन, तरी विजेसाठी लागणारं डिझेल जहाजाने केरळहून येतं. पावसाळ्यात समुद्र खवळला की जहाजांची वाट बघावी लागते. म्हणून हायड्रोजन हा माझ्यासाठी नुसता रसायनशास्त्राचा धडा राहिलेला नाही. एक किलो हायड्रोजनमध्ये तेवढ्याच डिझेलच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा असते आणि तो जळला की पाणी तयार होतं.

प्रकाशाच्या मदतीने पाण्याचं विघटन करता येतं, हे जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड वापरून दाखवलं. असं काम आपल्या बेंगळुरूतही होतं. जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात भारतरत्न डॉ. सी. एन. आर. राव यांच्या गटाने मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या अतिशय पातळ थरांचा उत्प्रेरक म्हणून वापर करून प्रकाशात हायड्रोजन मिळवला. यंत्रांच्या ग्रीसमध्ये असते, तीच ही काळी पूड. महागड्या प्लॅटिनमऐवजी ती चालली, तर खर्च खूप कमी होईल.

पण बेटावर गोडं पाणी कुठून आणायचं? एक किलो हायड्रोजनला किमान नऊ लिटर पाणी लागतं. कवरत्तीत तर 2005 पासून समुद्राचंच पाणी गोडं करून पिण्यासाठी देतात. म्हणजे इंधनासाठी थेट खारं पाणी वापरता आलं पाहिजे.

इथे मीठ आडवं येतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. एकीकडे हायड्रोजन निघतो, तेव्हा दुसरीकडे ऑक्सिजन निघायला हवा. पण क्लोराइडमुळे तिथे क्लोरीनही निघू लागतो, उत्प्रेरक गंजतो, त्यावर क्षारांचा थर बसतो. पहिल्या दिवशी भरपूर वायू मिळाला तरी महिन्यानंतर किती मिळतो, हाच खरा प्रश्न. क्रॉस कंट्रीत आमचे उस्तादही पहिल्या किलोमीटरची वेळ विचारत नाहीत.

मी एनडीएची तयारी करतो आहे. पण बेटावर पहारा देणाऱ्यांइतकीच प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं मिठाशी झुंजणाऱ्यांचीही देशाला गरज आहे, असं आता वाटतं. यातला माझा रस्ता कोणता, हे बारावीपर्यंत ठरवायचं आहे.