तलावांच्या जिल्ह्यात नळाची तोटी

भंडाऱ्याला बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही कौतुकाने सांगतो, हा तलावांचा जिल्हा. गावोगावी तलाव, त्यांच्या जोडीला लहान बोड्या आणि शहराला लागून वाहणारी वैनगंगा. पाऊसही वर्षाला सरासरी 1300 मिलिमीटरच्या आसपास. मराठवाड्यातून आलेला नातेवाईक हा आकडा ऐकून गप्प होतो. तरीही मार्च संपत आला की इथेही त्याच सूचना सुरू होतात, ज्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात ऐकू येतात : नळाला तोटी बसवा, टिल्लू पंप लावू नका, पिण्याच्या पाण्याने गाड्या धुऊ नका, टाकी भरून वाहू देऊ नका.

या सूचना आपण कान न देता ऐकतो. पण त्यातल्या टिल्लू पंपाचेच पाहा. पाइपलाइनमध्ये येणारे पाणी सगळ्या गल्लीचे असते. एका घराने नळाला थेट मोटार जोडली की पुढच्या चार घरांचा दाब पडतो. ज्यांच्याकडे मोटार नाही, त्यांच्या बादलीत धार पडायच्या आत पाण्याची वेळ संपते. शिवाय पाइप रिकामा होत असताना मोटारीची ओढ चालूच राहिली, तर सांध्यांच्या फटींतून शेजारच्या नालीचे पाणी आत खेचले जाते. मग गल्लीत कावीळ आणि जुलाब. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपल्या दीनने इतकी ताकीद दिली आहे. हा पंप म्हणजे शेजाऱ्याच्या हक्काला लावलेली नळीच आहे.

कायदा कडक नाही असेही नाही. केंद्रीय भूजल प्राधिकरणाने 8 ऑक्टोबर 2020 रोजी आदेश काढला : जमिनीतून उपसलेल्या पिण्याजोग्या पाण्याची नासाडी देशात कोणीही करायची नाही, आणि ती रोखण्याची व्यवस्था, दंडासकट, पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थांनी उभी करायची. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तेव्हा 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड अशी शिक्षा होती. 2023 च्या दुरुस्तीने कैद गेली आणि दंड वाढला. वर्तमानपत्रांत मथळे आले, लोकांनी ते मोबाइलवर एकमेकांना पाठवले. तोट्या मात्र गळत राहिल्या. दंडाचा आकडा कितीही मोठा असो, गल्लीत तो पाहायला येणारा माणूस कोण, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न घेऊन शहराबाहेर पडावे. पवनी, लाखनी, साकोली, लाखांदूर, कुठलाही रस्ता धरा, धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला एक लांबट मातीची पाळ दिसेल. तिच्यामागे तलाव. यांना मामा तलाव म्हणतात. माझ्या वर्गातल्या मुलांना वाटते, कुणाच्या तरी मामाने खोदला असेल! मामा म्हणजे माजी मालगुजारी. त्याच्याही आधी, गोंड राजांच्या काळात, कोहळी समाजाच्या लोकांनी जंगल तोडून हे तलाव बांधले. आता गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगाव बांध हा कोलू पाटील कोहळी यांचा. 1 मे 1999 पूर्वी तोही भंडाऱ्याचाच होता. पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत मिळून असे 6 हजारांहून जास्त तलाव आहेत.

त्यांची रचना साधी आहे. वर जंगल, त्याखाली तलाव, त्याखाली धान. जंगलातून उतरलेले पाणी पाळीने अडवायचे, जास्तीचे सांडव्यावरून पुढच्या तलावाकडे जाऊ द्यायचे आणि लागेल तसे पाटाने शेतात सोडायचे. उन्हाळ्यात तळाचा गाळ काढून शेतात टाकायचा. मासळी ढिवर बांधवांची, काठ गुराढोरांचा. कुणाच्या शेताला कधी पाणी, याच्या पाळ्या ठरलेल्या आणि पाणी वाटून देणारा माणूस गावाने नेमलेला.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला या व्यवहाराच्या कागदांत घरचे शब्द भेटतात. मालगुजार म्हणजे महसूल भरणारा. गावच्या पाण्याच्या, वाटेच्या आणि मासेमारीच्या चालीरीती ज्या दप्तरात लिहिल्या जात, त्याचे नाव वाजिब-उल-अर्ज. वाजिब हा शब्द आपल्या घरातल्या मुलालाही वित्रच्या नमाजमुळे माहीत असतो, आणि अर्ज तर शाळेत रोजच येतात. जे सांगणे आवश्यक, ते इथे लिहिले आहे, असा त्याचा साधा अर्थ. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मध्ये निस्तार पत्रकासोबत हे नाव आजही कायम आहे. तलाठ्याकडे सातबारा मागायला जाणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या गावाचे वाजिब-उल-अर्ज पाहायला मागितले असेल? मागून पाहण्यासारखे आहे.

1951 मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. मालगुजार गेले याचे दुःख कुणी करू नये. वेठ आणि जुलूम त्या काळात होताच. पण त्याच्यासोबत तलावाची देखभालही सुटली. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, 100 हेक्टरपर्यंत सिंचनाचे जिल्हा परिषदेकडे, आणि रोज पाळीवरून चालणारा माणूस कुणाचाच नाही. गाळ साचला, काठावर बेशरम माजली, काही ठिकाणी पोटात अतिक्रमणे झाली. 2017 पासून गाळ काढण्यासाठी सरकारची योजना आहे. तिचा उपयोग तिथेच होतो, जिथे गावातले चार लोक ट्रॅक्टरच्या खेपा मोजायला उभे राहतात.

पवनीला गेले की चित्र पालटते. इथे गोसीखुर्दचा 33 दरवाजांचा बांध आहे. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. समोर दूरवर पसरलेले पाणी पाहून मन भरते. पण नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला. वाहत्या नदीत जे पुढे निघून जात होते, ते बांधाच्या थांबलेल्या पाण्यात साठते. भंडारा शहर पाणी घेते ते याच वैनगंगेचे. माझ्या मते नासाडीची खरी मोठी बाब ही आहे. बादलीभर सांडलेले पाणी जमिनीत मुरते तरी. घाण मिसळलेली नदी भरलेली असूनही वाया जाते. आमच्या तोट्या कितीही घट्ट केल्या तरी नागपूरचे नाले त्याने थांबणार नाहीत. तो नियम नागपुरात पाळला गेला पाहिजे आणि तो पाळला जावा म्हणून भंडारेकरांनी, आपणही त्यात, आवाज लावून धरला पाहिजे.

पण आवाज लावणाऱ्याची स्वतःची तोटी गळकी असू नये. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये येते. मुद्द म्हणजे दोन ओंजळी, पाऊण लिटरहून कमीच. वाहत्या नदीकाठीही वुजूत इसराफ नको, ही शिकवण आपण मुलांना पाठ करून देतो. मदीनेत बीर रूमा ही विहीर हजरत उस्मान (रजि.) यांनी विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, हेही सांगतो. एकदा सातवीच्या मुलांना मी घरी नळाखाली बादली ठेवून वुजू करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी कुणी 5 लिटर सांगितले, कुणी 8. एका मुलीने तांब्या घेऊन केले होते. तिचे एका लिटरात झाले. तिची दादी नळ येण्याआधीच्या दिवसांत विहिरीवरून पाणी आणायची आणि तसाच वुजू करायची, असे तिने सांगितले.

जिल्ह्यातल्या एका मशिदीत जमातीने यावर साधी तजवीज केली आहे. वुजूखान्याची नाली गटाराला न जोडता मागच्या शोषखड्ड्याकडे वळवली आहे, आणि तिच्या वाटेवर पपई आणि लिंबू लावले आहेत. तोट्या दाबून सुरू होणाऱ्या, सोडल्या की आपोआप बंद होणाऱ्या. वॉशरची पुडी मुअज्जिन साहेबांच्या कपाटात असते. दर गुरुवारी असरनंतर दोन मुले पाना घेऊन एकेक तोटी तपासतात. पाळी कुणाची, ते फळ्यावर नमाजच्या वेळांच्या खाली खडूने लिहिलेले असते.