हाती किती, पदरी किती

नोव्हेंबर संपत आला की माझ्याकडे ऑफर लेटरं येऊ लागतात. माझ्या नावाची नव्हेत, भिलाईतल्या तरुण शिक्षकांची. कोणाचं दुबईच्या शाळेचं, कोणाचं मस्कतच्या, कोणाचं मुंबईतल्या एखाद्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळेचं. मोबाइल पुढे करून विचारतात, "मॅडम, घेऊ का?" ऑगस्टमध्ये वर्ष सुरू करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळा आपली भरती आधीच्या हिवाळ्यातच उरकू पाहतात. आखातातल्या सीबीएसई शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यांची घाई जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणून आमच्याकडे थंडीचे दिवस हे पगाराच्या हिशेबाचे दिवस असतात.

भौतिकशास्त्र मी भिलाईत शिकवलं, आखातात शिकवलं, मग एका महानगरातल्या आयबी शाळेत शिकवलं आणि आता पुन्हा भिलाईत आले आहे. न्यूटनचे नियम कुठेही तेच होते. बदलत होतं ते एवढंच, की महिनाअखेरीला माझ्या डोक्यावर काय काय असायचं.

येणाऱ्या प्रत्येकाने एक गुणाकार आधीच केलेला असतो. समजा, महिना ७,००० दिरहम आणि दिरहमचा भाव २२ रुपये, म्हणजे १,५४,००० रुपये. हा गुणाकार चुकीचा नाही, पण तो अख्ख्या पगाराला लावायचा नसतो. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. रुपया घसरला की इथे बसून पगार वाढल्यासारखा वाटतो, पण तिथला घरमालक आणि वाणी दिरहमच घेतात. रुपयांचा भाव फक्त घरी पाठवता येणाऱ्या दिरहमला लागतो. म्हणून मी आधी वजाबाकी करायला लावते.

समजा, मुलगी एकटी जाते आहे. लहानशा स्टुडिओचं भाडं ३,५००, वीज-पाणी-इंटरनेट ७००, ये-जा ५००, किराणा आणि जेवण १,२००, फोन आणि किरकोळ ३००. झाले ६,२००. उरले ८००, म्हणजे १७,६०० रुपये. तीच मुलगी भिलाईतल्या शाळेत ४२,००० मिळवते, रिसालीत आईवडिलांकडे राहते, घरात आणि स्वतःवर मिळून २२,००० खर्च करते. तिच्याकडे उरतात २०,०००. आता समजा, नवराबायको दोघंही शिक्षक आहेत आणि दोघांनाही तेवढाच पगार आहे. घर एकच, जरा मोठं, ४,५०० चं. बाकी खर्च दुप्पट होत नाहीत, सगळे मिळून दुसरे ४,५०० धरा. चौदातून नऊ गेले, उरले पाच हजार दिरहम, म्हणजे १,१०,००० रुपये. हे आकडे शहरागणिक बदलतील. पण एकटीसाठी तोट्याची असलेली ऑफर जोडप्यासाठी घबाड ठरते, ते असं. शाळांनाही हे कळतं. शिक्षक जोडपं घेतलं की एका घरात दोन शिक्षक राहतात, म्हणून भरतीत जोडप्यांना झुकतं माप मिळतं आणि ज्याची बायको किंवा नवरा नोकरी करणार नाही त्याच्या अर्जाकडे जरा नाखुशीने पाहिलं जातं.

वजाबाकीत न दिसणारी आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे खर्चाची वेळ. दुबईत भाडं बहुधा पुढच्या तारखांचे चेक देऊन भरतात, वर्षाचे चार चेक म्हणजे एकदम तीन महिन्यांचं भाडं. वरच्या मुलीला पहिल्याच आठवड्यात १०,५०० दिरहम लागतील. शिवाय वार्षिक भाड्याच्या ५ टक्के अनामत आणि साधारण तेवढंच एजंटचं कमिशन, म्हणजे आणखी ४,२००. पहिला पगार हातात पडण्याआधीच दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त रक्कम उभी करायची. वीज-पाण्याच्या बिलातून वार्षिक भाड्याच्या ५ टक्के पालिका वसूल करते, ते वेगळंच. म्हणून शाळा घर देते की घरभाडे भत्ता, हा प्रश्न मी पगाराच्या आधी विचारायला सांगते. घर देणारी शाळा ही सगळी जुळवाजुळव स्वतः करते. भत्ता देणारी शाळा ती तुमच्यावर टाकते आणि वर आकडा मोठा दिसतो.

हा फरक मला आखातात शिकावा लागला नाही. मी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, एका सेक्टरमध्ये वाढले.

बाबा भंडाऱ्याहून भिलाईला आले ते प्लांटमधल्या नोकरीसाठी. त्या प्लांटसाठी सोव्हिएत संघाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ ला. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. दुर्गजवळच्या भातखाचरांत पोलादाचं शहर उभं करायचं, तर नागपूर, मद्रास, कलकत्ता, केरळ, पंजाब इथून माणसं आणायची होती, आणि नुसत्या पगारावर कोणी एवढ्या लांब बायकामुलांना घेऊन येणार नव्हतं. म्हणून कंपनीने क्वार्टरं बांधली, सेक्टर ९ चं हॉस्पिटल बांधलं, सेक्टरा-सेक्टरांत शाळा काढल्या. लहानपणी आमच्या घरात पगाराच्या आकड्याची चर्चा मी क्वचित ऐकली. चर्चा असायची ती क्वार्टर बदलून मोठं मिळण्याची. भाडं, दवाखाना, मुलांची शाळा ही तिन्ही ओझी घरात शिरण्याआधीच कोणीतरी उचललेली होती. आज आंतरराष्ट्रीय शाळा परदेशातून आणलेल्या शिक्षकाला जे देतात, म्हणजे घर, विमा, वर्षाला एक विमान तिकीट आणि मुलांच्या फीमध्ये सवलत, ते या टाउनशिपचंच रूप आहे. कारणही तेच. माणूस लांबून आणायचा असला की मालक ओझं उचलतो. माणूस जवळच मिळाला की मालक ते खाली ठेवतो.

आखातातल्या स्टाफरूममध्ये याचा पुरावा शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असे. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, तिथेच अर्ज करून लागलेल्या बायका लोकल हायर समजल्या जात. तोच विषय, तेवढेच तास, त्याच वह्या. पण घर नाही, तिकीट नाही, कधी मूळ पगारही कमी. त्यांच्यात एम.एस्सी. झालेल्या, माझ्याहून चांगलं शिकवणाऱ्या मराठी बायका होत्या. आंतरराष्ट्रीय शाळांच्या वरच्या थरात पासपोर्टचीही किंमत होते. इंग्लंड-अमेरिकेचा पासपोर्ट असलेल्याला एक वेतनश्रेणी आणि भारतीयाला दुसरी, हे लेखी क्वचित सापडतं, वागण्यात सर्रास सापडतं. ते मनाला लावून घ्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. हिशेबात मात्र धरायलाच हवं, कारण पुढची बढती त्याच वाटेवर अडते.

करारात मी सर्वांत आधी मूळ वेतनावर बोट ठेवते. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजतात, भत्त्यांवर नाही. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे दर वर्षाला ३० दिवसांचा. ७,००० च्या पगारात मूळ ३,५०० असेल तर वर्षाला २,४५० दिरहम जमतात. मूळ ५,००० असेल तर ३,५००. एकूण पगार तोच, पण पाच वर्षांनी ५,२५० दिरहमांचा फरक पडतो. परक्या शिक्षकाला तिथे पेन्शन नाही, आपल्यासारखा भविष्यनिर्वाह निधी नाही. त्यामुळे ही रक्कम म्हणजे म्हातारपणाच्या नावाने मिळणारी जवळजवळ एकमेव गोष्ट. आयकर नाही याचा आनंद सगळे मानतात. पण इथे मालक पीएफमध्ये जे घालतो ते तिथे स्वतःच बाजूला काढायचं असतं, हे फार थोडे मानतात.

आपल्याकडेही शिक्षकाला ग्रॅच्युइटी सहज मिळाली नाही. कायदा झाला १९७२ मध्ये. शिक्षक त्या कायद्याच्या व्याख्येतला 'कर्मचारी' नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटलं. मग संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांना हक्क दिला. खासगी शाळा त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. इतक्या उशिरा मिळालेला हक्क सोडून निघताना किमान त्याची किंमत तरी मांडावी. ग्रॅच्युइटीसाठी लागणारी पाच वर्षं भरायला चारसहा महिने उरले असताना परदेशी जायला निघालेल्या शिक्षकाला मी सांगते, रुजू होण्याची तारीख पुढे मिळते का ते आधी विचार.

मुंबईच्या ऑफरचं गणित वेगळं. आधी सरकारी पगाराचं उदाहरण घेऊ. सातव्या वेतन आयोगाने केंद्रीय विद्यालयातल्या पीजीटीचं (पदव्युत्तर शिक्षकाचं) मूळ वेतन ४७,६०० वर सुरू केलं. घरभाडे भत्त्यासाठीच्या केंद्राच्या शहरांच्या यादीत दुर्ग-भिलाई 'वाय' गटात, मुंबई 'एक्स' गटात. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर घरभाडे भत्ता 'वाय'ला मूळ वेतनाच्या २० टक्के झाला आणि 'एक्स'ला ३०. म्हणजे मुंबईला जास्तीचे ४,७६० रुपये. एवढ्या पैशात भिलाई आणि अंधेरी यांच्या भाड्यांतलं अंतर कापलं जात नाही, हे सांगायला शिक्षक लागत नाही. आयबी शाळा याहून बराच जास्त पगार देतात, पण भाड्यातलं अंतर तिथेही तेच असतं. मग त्या शाळेत जायचं कशासाठी? माझं उत्तर असं की, पुढची दारं उघडण्यासाठी. ज्याने आयबी किंवा केंब्रिजचा अभ्यासक्रम शिकवलाच नाही, त्याचा अर्ज मोठ्या आंतरराष्ट्रीय शाळा बाजूला ठेवतात. हा अनुभव देशातच मिळतो. ती दोन-तीन वर्षं मी कमाईची मानत नाही, शिकण्याची मानते. तेवढ्या तयारीने गेलं तर महानगराचं भाडं सोसतं.

कागदांचा भाग कंटाळवाणा, पण फसवणूक तिथेच होते. अमिरातीसाठी पदवी आधी राज्याच्या विभागाकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग त्यांच्या दूतावासाकडून साक्षांकित करावी लागते. ओमान कागदपत्रांच्या हेग करारात आहे, त्यामुळे मस्कतवाल्याला दूतावासाऐवजी परराष्ट्र मंत्रालयाच्या अपॉस्टिल प्रमाणपत्रावर भागतं. आमच्या पिढीच्या रविशंकर विद्यापीठाच्या पदव्यांवर मध्य प्रदेश छापलेलं आहे, छत्तीसगड झालं १ नोव्हेंबर २००० ला. त्यामुळे खिडकीपलीकडच्या नव्या कारकुनाला इतिहासाचा एक छोटा तास द्यावा लागतो. पोलीस पडताळणीचा दाखला रायपूरच्या पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. आता मुलांच्या सुरक्षिततेसाठी चांगल्या शाळा तो, शिवाय आधीच्या मुख्याध्यापकांचं गोपनीय मत, मागितल्याशिवाय पुढे जात नाहीत. यातलं काही न मागता थेट 'व्हिसा प्रोसेसिंग'चे दोन लाख मागणारा फोन आला, तर तो शाळेचा नसतो. नोंदणीकृत भरती एजंटला भारतात ३०,००० रुपये आणि जीएसटी, एवढंच घेता येतं. अमिरातीच्या कायद्याने तर भरतीचा खर्च मालकाचा आहे.

या सगळ्याचा शिकवण्याशी काय संबंध, असं एका सहकाऱ्याने मला विचारलं होतं. संबंध सरळ आहे. भाड्याच्या चेकची तारीख जवळ आली की शिक्षक संध्याकाळी शिकवण्या शोधतो. अमिरातीत खासगी शिकवणीसाठी परवाना देण्याची सोय डिसेंबर २०२३ मध्ये झाली. त्याआधी सगळं चोरून चाले, पडदे ओढून. दिवसभर शाळा, संध्याकाळी शिकवणी, रात्री वह्या. असा शिक्षक सकाळी वर्गात येतो तेव्हा धडा नवा मांडत नाही, गेल्या वर्षीचाच वाचून दाखवतो. भिलाईतही हेच दुसऱ्या रूपात दिसतं. इथे आयआयटीच्या क्लासेसचा बाजार मोठा, आणि त्यांच्याएवढा पगार शाळेला परवडत नाही. चांगला गणिताचा शिक्षक शाळेतून क्लासला जातो, त्याची जागा कंत्राटी शिक्षक भरतो आणि तोही जूनची वाट पाहत बसतो. ओझं शिक्षकावर टाकलेल्या शाळेत त्याचा वाटा अखेर मुलांवर येतो.

म्हणून ऑफर वाचताना मी प्रत्येक ओळीपुढे लिहायला लावते: हे ओझं कोणाचं? घर कोणाचं, चार चेक कोणाचे, दात दुखला तर विमा देतो का, जुलै-ऑगस्टचा पगार आहे की करार दहा महिन्यांचाच आहे, आठवड्याला तास किती आणि बदली तासांचे पैसे मिळतात का, मूल झालं तर रजा किती, मध्येच सोडलं तर तिकिटाचे पैसे कोण भरतो. शेवटच्या रकान्यात आईवडील. भिलाईत सेक्टर ९ चं हॉस्पिटल जवळ आहे. परदेशातून निघून रायपूरच्या विमानतळावर उतरेपर्यंत एक दिवस जातो. याची रक्कम लिहिता येत नाही, तरी रकाना ठेवायचा. रिकामा रकानाही दिसत राहतो, म्हणजे विसरला जात नाही.

मागच्या थंडीत आलेल्या एका जोडप्याला मी 'जा' म्हटलं. घर शाळेचं होतं, मूळ वेतन पगाराच्या निम्म्याहून जास्त होतं, आणि मुख्य म्हणजे वेतनश्रेणीचा तक्ता मागितल्यावर शाळेने तो दुसऱ्या दिवशी पाठवला होता. त्याच आठवड्यात आलेल्या एका मुलीला 'थांब' म्हटलं. तिचा आकडा त्या दोघांच्या प्रत्येकी आकड्यापेक्षा मोठा होता. पण तिच्या जागेवरची आधीची शिक्षिका का गेली, एवढं तिने विचारलं, तर उत्तर आलं की 'असे प्रश्न उमेदवाराने विचारायचे नसतात.' ज्या शाळेला शिक्षकाचा एक साधा प्रश्न झेपत नाही, ती त्याला वर्गात प्रश्न विचारणारी मुलं घडवू देईल असं मला वाटत नाही. तिने ती ऑफर नाकारली आणि मस्कतच्या दुसऱ्या शाळेकडे अर्ज केला, या वेळी पहिल्याच पत्रात तोच प्रश्न लिहून.